मशिदीला घुमट हवाच का?

धागालेखक, मिरज

आमच्या मोहल्ल्यातली जुनी कौलारू मशीद उतरवून तिच्या जागी काँक्रीटची नवी मशीद बांधायचे जमातीने ठरवले आहे. गेल्या जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, नमाजानंतर आराखडा भिंतीवर लावला गेला. त्यात मोठा हिरवा घुमट आहे, दोन मिनार आहेत, रस्त्याच्या बाजूला दुकानांचे गाळे आहेत, पण वजूचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचा, दगडी हौद आणि त्यावर सावली धरणारा कडुनिंब मात्र कोठेच नाही. हौदाऐवजी जिन्याखाली नळांची रांग दाखवली आहे.

घुमटाशिवाय मशीद शोभत नाही, हा समज मला मान्य नाही. मदिनेतील पैगंबरांची मशीद कच्च्या विटांची होती, खांब खजुराच्या खोडांचे आणि छप्पर झावळ्यांचे. मिनार ही गोष्टच तेव्हा नव्हती, पैगंबरांचे सोबती हजरत बिलाल उंच जागी उभे राहून अजान देत. घुमट पुढे बायझंटाइन आणि इराणी बांधकामातून आला. इस्लाम ज्या मुलखात गेला तेथला पाऊस, तेथले ऊन आणि हाताशी असलेला माल यांनी मशिदीचे रूप ठरवले. जावा बेटावरील देमाकच्या मशिदीवर एकावर एक उतरती छपरे आहेत, चीनमधील शीआनची मोठी मशीद चिनी वाड्यासारखी चौकामागून चौक उलगडत जाते, आणि केरळात कोझिकोडची मिश्कल मशीद लाकडी व कौलारू आहे. आफ्रिकेतल्या माली देशातील जेन्ने येथील मशीद मातीची आहे. आजची इमारत 1907 ची असली तरी तिला दरवर्षी नवा गिलावा लागतो आणि त्या दिवशी सारे गाव चिखलात हात घालते. आपली कौलारू मशीद याच कुळातली आहे. वैशाखातल्या जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजाला तेथे बसून पाहावे, आणि मग शेजारच्या वस्तीतल्या स्लॅबच्या मशिदीत, म्हणजे फरक अंगालाच कळतो.

पहिले उत्तर, सांगली (व्यवसायाने स्थापत्य अभियंता)

आपण जावा आणि चीन फिरून आलात, पण विजापूर विसरलात. मिरज आदिलशाहीत होती. घुमट आपल्याकडे उपरा नाही. शिवाय तो केवळ शोभेसाठी नसतो. विजापूरच्या गोल घुमटाखाली, 1656 च्या सुमारास, एकाही मधल्या खांबाशिवाय एवढा मोठा दालनभर अवकाश झाकला गेला, तो एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी घुमटाचा भार भिंतींवर नेऊन सोडला म्हणून. नमाजाच्या सफीत खांब आला की ओळ तुटते, हे आपणास ठाऊक आहेच. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील 1367 च्या जामा मशिदीने तर चौक उघडा न ठेवता सारी जागाच घुमटांनी छावली. राहिली कौले. वाशांना लागलेली वाळवी आणि 2019 च्या महापुरात भिजलेल्या मातीच्या भिंती यांकडे हळवेपणाने पाहून चालणार नाही.

दुसरे उत्तर, मिरज

अभियंतासाहेबांचा दाखला उत्तम आहे, पण गोल घुमट ही मशीद नव्हे, कबर आहे. इजिप्तचे वास्तुविशारद हसन फतही यांनी 1940 च्या दशकात लक्सरजवळ न्यू गुर्ना हे मातीच्या विटांचे गाव उभारले आणि घरांवर घुमट घातले, तेव्हा घुमट कबरीवर असतो, घरावर नव्हे, अशी कुरकुर तेथल्या लोकांनी केली होती. दुसरे असे की, विजापूरचा घुमट भार पेलतो. आपल्याकडे हल्ली जो घालतात तो सपाट स्लॅबवर पालथ्या कढईसारखा ठेवलेला असतो. खाली उभे राहून वर पाहिले तर पंखा आणि चुना दिसतो, घुमट दिसतच नाही. एका ठेकेदाराने आमच्या नात्यातल्या एका गावी असाच एक बसवला. तिसऱ्या पावसाळ्यात सांध्यातून पाणी आले आणि तीन वर्षे मिंबराशेजारी, म्हणजे इमाम खुतबा देतात त्या पायऱ्यांशेजारी, बादली ठेवावी लागली.

तिसरे उत्तर, कडेगाव

मला धागालेखकांचा सूर खटकला. ज्यांच्या घरावर पत्रा आहे त्यांना आपल्या वस्तीत निदान एक इमारत दुरून ओळखू यावी असे वाटले, तर त्यात चूक काय? आमच्या कडेगावचे ताबूत मोहरमात गगनाला भिडतात, हिंदू-मुसलमान दोघेही ते खांद्यावर घेतात, आणि एवढी उंची कशाला, असे कोणी विचारत नाही. फतहींच्या गावात राहायला लोक फारसे गेलेच नाहीत, हेही सांगायला हवे होते. त्यांचा उदरनिर्वाह जुन्या जागेशी बांधलेला होता आणि तो कोणी नीट विचारात घेतला नाही. गाळ्यांच्या भाड्यावर इमामांचा पगार निघणार असेल, तर गाळे असू द्यावेत.

आणखी एक. या साऱ्या चर्चेत बायकांच्या नमाजाची जागा कोणीच काढली नाही, आराखड्यातही ती नसेलच. ढाक्याची बैत उर रऊफ मशीद मरीना तबस्सुम या स्त्रीने रचली, या मशिदीला 2016 मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला, आणि तिला ना घुमट आहे ना मिनार. नुसती वीट, हवा आणि छतातून उतरणारा उजेड. म्हणजे मी घुमटाच्या बाजूची असूनही दाखला आपल्याच बाजूचा देते आहे.

धागालेखक

ताई, गाळ्यांबद्दलचे आपले म्हणणे मान्य. बायकांच्या जागेचे मीही विसरलो होतो, आणि आराखड्यात ती खरोखरच नाही. वाळवीचा मुद्दाही खरा आहे, पण तो वाशांचा दोष आहे, उतरत्या छपराचा नव्हे. लोखंडी कैच्यांवर कौले बसतात. घुमट हवाच असेल तर अभियंतासाहेब म्हणतात तसा भार पेलणारा, आतून दिसणारा घालावा, एकच आणि लहान.

हौदावर मात्र मी अडून राहणार आहे. काल असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर मोजून पाहिले, त्याच्या काठावर एका वेळी बावीस माणसे वजूला बसतात. म्हातारी माणसे टेकतात तेथे दगड तळहाताएवढा खोल झिजला आहे, आणि नमाज संपल्यावरही निम्मे लोक तेथून उठत नाहीत. जिन्याखालच्या नळांवर सहाच तोट्या आहेत. येत्या जुम्म्याला मी हा आकडा आराखड्याशेजारी लिहून लावणार आहे.