झटपट बासुंदी: पावडर की कंडेन्स्ड मिल्क?

प्रश्न असा आहे की झटपट बासुंदीला मिल्क पावडर घ्यावी की कंडेन्स्ड मिल्क. मी दोन्ही घेते. 1 लिटर फुल क्रीम दूध पसरट कढईत उकळायचं, कडेची साय खरवडून आत सोडत राहायची. ती साय हीच बासुंदीची खरी चव आहे, तिथे घाई नको. 15 मिनिटांनी 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि गार दुधात कालवलेली 2 चमचे पावडर घाला. पावडर थेट गरम दुधात टाकली की गुठळ्या होतात. साखर अजिबात नको, कंडेन्स्ड मिल्कमध्ये भरपूर असते. आणखी 10 मिनिटांत काम होतं. कॉर्नफ्लोअर मात्र कृपा करून घालू नका, त्याने खळीसारखा चिकटपणा येतो.

आम्हा नागपूरकरांची संत्रा बासुंदी करायची असेल तर बासुंदी फ्रीजमध्ये पूर्ण गार होऊ द्या. आंबटपणामुळे गरम दूध लगेच फाटतं. मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यातून धरलेली) संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, ती जास्त गोड, म्हणून मी तीच वापरते. फोडींची सालं, बिया, पांढरे धागे सगळं काढायचं (हे वेळखाऊ आहे खरं) आणि वाढायच्या अगदी आधी गर हलक्या हाताने मिसळायचा. वेलची चिमूटभरच, नाहीतर संत्र्याचा वास दबतो.