विणलेल्या स्वेटरला कात्री: सुती धाग्यावर चालेल का?

प्रश्न (म्हापसा): गोल सुईवर बाळाचा सुती स्वेटर विणलाय, म्हणजे तो नळीसारखा, पुढून बंद आहे. पुढून कापून बटणपट्टी लावायची आहे. कापण्यासाठी मध्ये ५ जादा टाके ठेवलेत. कापल्यावर उसवणार नाही ना?

उत्तर (मडगाव): नुसतं कापलंत तर उसवेल. विणकाम कापायची ही पद्धत शेटलंडच्या (स्कॉटलंडच्या उत्तरेकडची बेटं) लोकरीची. तिचे तंतू खरखरीत असतात आणि एकमेकांना धरून ठेवतात. सूत गुळगुळीत, म्हणून शिलाई मशीन हवंच. कड पक्की करायला क्रोशाच्या साखळीवर विसंबू नका. आधी धुवून पूर्ण वाळवा. पावसाळ्यात घाई नको, ओलसर विणकाम मशीनखाली ताणतं. मग त्या ५ जादा टाक्यांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या टाक्याच्या उभ्या रांगेवर बारीक, साधारण २ मिलिमीटरची शिलाई, प्रत्येकी दोनदा. खाली पातळ कागद ठेवा, म्हणजे कड लाटेसारखी होत नाही; नंतर तो फाडून काढा. कात्री तिसऱ्या टाक्याच्या बरोबर मधून, आडवे धागे एकेक करून. आत पुठ्ठा सरकवा, नाहीतर स्वेटरची पाठही कापली जाते! हीच सगळ्यात मोठी चूक.

उत्तर (फोंडा): सहमत. पण आधी त्याच धाग्याचा २५ टाके, ३० ओळींचा तुकडा विणून कापून बघाच. पट्टीसाठी दर ४ ओळींमागे ३ टाके उचला. जास्त घेतले तर पट्टी फुगते. कापलेली कड आत दुमडून हाताने टाचा. बाळाच्या त्वचेला ती टोचू नये म्हणून वर मऊ सुती फीत लावा.