स्ट्रोलिंग जिमचा वंश?

वर एकांनी लिहिलंय की आजचे शोमधले सगळे टेनेसी वॉकिंग हॉर्स (मऊ चालीसाठी प्रसिद्ध अमेरिकन घोड्यांची जात) स्ट्रोलिंग जिमचे वंशज आहेत. अहो कसं शक्य आहे, जिम खच्ची केलेला घोडा होता! १९३९ला टेनेसीतल्या शेल्बीव्हिलच्या पहिल्याच सेलिब्रेशनमध्ये (या जातीचा मोठा वार्षिक शो) वर्ल्ड ग्रँड चॅम्पियन झाला हे खरंय, आणि त्याआधी हा पठ्ठ्या शेतावर गाडीला जुंपला जायचा हेही खरं, पण पिल्लू एकही नाही. वंश चालला तो त्याच्या सावत्र भावाचा, मिडनाइट सनचा. बाप दोघांचा एकच, विल्सन्स अ‍ॅलन. मिडनाइट सन १९४५ आणि ४६ अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकला आणि मग फ्रँकलिनच्या हार्लिन्सडेल फार्मवर ब्रीडिंगला लोकांनी लांबलांबून घोड्या आणल्या.

अजून मागे गेलं तर गंमत आहे, विल्सन्स अ‍ॅलनचा बाप रोन अ‍ॅलन हा अ‍ॅलन एफ-१चा (या जातीचा मूळ नर) मुलगा आणि आई बर्डी मेसिक ही त्याचीच मुलगी, म्हणजे आजोबा दोन्हीकडून एकच. आणि हा आजोबा ट्रॉटिंगच्या (समोरासमोरचे तिरके पाय जोडीने टाकायची चाल) रेससाठी घेतलेला, पण ट्रॉट सोडून पेस (एकाच बाजूचे दोन्ही पाय जोडीने) करायचा म्हणून शर्यतीतून बाद! त्याच रक्तातून या जातीची खास चाल, रनिंग वॉक, पक्की झाली, मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही पुढे पडतो, मान तालात हलते आणि वरचा माणूस जवळपास उसळतच नाही. (पाय उचलावेत म्हणून केमिकल लावून भाजायचे प्रकार नंतर आले, ते रक्तातलं नाही, निव्वळ क्रूरपणा.)