मरीना बे सँड्स : यात इंजिनिअरिंग ते काय म्हणे!

सळईवाला :
काल इथे 'रेखाटन' यांनी लिहिलं, "सिंगापूरचं मरीना बे सँड्स म्हणजे तीन टॉवरवर ठेवलेली होडी. आर्किटेक्टने चित्र काढलं, जुगाराच्या पैशावर उभं राहिलं. यात इंजिनिअरिंग ते काय?" बावीस वर्षं साइटवर काढलेल्या माणसाला हे गिळवत नाही.

त्या हॉटेलचा प्रत्येक टॉवर दोन पायांवर उभा आहे. पश्चिमेचा पाय जवळपास सरळ, पूर्वेचा खाली फाकलेला, सर्वात तिरका २६ अंशांपर्यंत. तेविसाव्या मजल्यावर दोघे भेटतात. पण तिथे पोचेपर्यंत? तिरका पाय रोज एकेक स्लॅब चढतो, वजन वाढतं आणि तो पडायलाच बघतो. दोन पायांमध्ये तात्पुरते पोलादी स्ट्रट, म्हणजे आडवे टेकू दिले, भिंतींत केबल ताणल्या, मग जोड झाला. ते स्ट्रट आज कोणत्याही फोटोत नाहीत. आमचं निम्मं आयुष्य अशा उतरवून टाकायच्या कामात जातं.

वर तिन्ही टॉवरच्या माथ्यांना जोडणारं ३४० मीटरचं स्कायपार्क, म्हणजे पोहण्याचा तलाव असलेली बाग, त्यातलं ६६.५ मीटर खाली आधार नसताना पुढे आलेलं. पोलादी तुकडे जमिनीवर जोडून जॅकने जवळपास २०० मीटर वर ओढले. तिन्ही टॉवर वाऱ्याने वेगवेगळे हलतात म्हणून तलावाखाली चार सांधे सोडलेत, आणि इमारत खचली तर पातळी सावरायला पाचशेवर जॅक आहेत. हे चित्रात होतं का?

रेखाटन :
होय, मीच लिहिलं आणि अजून तेच म्हणते. टॉवर सरळ बांधले असते तर तुमचे स्ट्रट लागलेच नसते. आधी अडचण उभी करायची, मग ती सोडवली म्हणून कौतुक करायचं! दोन पायांमधला तो उंच अलिंद, म्हणजे आतला मोकळा दिवाणखाना, आर्किटेक्ट मोशे साफदींना हवा होता, म्हणून इंजिनिअरांनी घाम गाळला. कल्पना त्यांची. आणि २०१० साली उघडलेल्या त्या वास्तूचा पैसा कॅसिनोचा, हे तरी खोटं आहे का?

सळईवाला :
पैशाचं खोटं नाही. पण सरळ टॉवर सोपा, असं म्हणत असाल तर लास वेगासच्या सिटीसेंटर संकुलातला हार्मन हा हॉटेलचा टॉवर आठवा. सरळच होता. नकाशावर पन्नासच्या आसपास मजले. २००८ मध्ये कळलं की बीममधल्या सळया नकाशाप्रमाणे बसलेल्याच नाहीत. रोजच्या तपासणी अहवालांत मात्र सगळं ठीक लिहिलं होतं. निम्म्याच्या आसपास मजल्यांवर काम थांबलं. एकही पाहुणा राहिला नाही आणि शेवटी इमारत उतरवली. काँक्रीट ओतण्याआधी सळई मोजणारा माणूस नसेल तर सरळ काय नि तिरकं काय.

ठाणेकर७२ :
पायांचं राहू द्या, पायाचं बोला. ते हॉटेल भरावावर आहे ना? आमच्या सोसायटीला लागून दोन मजली तळघर खोदलं. पावसाळ्यात. आमच्या जिन्याच्या भिंतीला बोट जाईल एवढा तडा. बिल्डरचा इंजिनिअर येऊन म्हणाला, "काका, हा प्लास्टरचा आहे." आईला त्या खोलीतून हलवावं लागलं. कुठे होते तेव्हा तुमचे स्ट्रट?

मीनल_सिंगापूर :
ठाणेकर, तुमचा प्रश्न इथेही जिवावर बेतला होता. २० एप्रिल २००४ ला इथल्या निकोल हायवेलगत मेट्रोची खोदाई कोसळली, चार माणसं गेली. माती भरावाखालची मऊ सागरी चिकणमाती. स्ट्रट आणि भिंतीलगतच्या आडव्या बीमचा जोड कमी ताकदीचा आखला होता, मातीचा हिशोबही चुकीच्या पद्धतीने केलेला. त्यानंतर खोल खोदाईचे नियम कडक झाले. मरीना बे सँड्स त्यानंतरचं. तिथे खोदाईसाठी १२० मीटर व्यासाची गोल डायफ्रॅम वॉल, म्हणजे खोदण्याआधीच जमिनीत ओतलेली काँक्रीटची भिंत केली. विहिरीच्या गोल बांधकामासारखं : माती चहूबाजूंनी दाबते, कडं स्वतःच तोलतं, मध्ये स्ट्रटचं जंगल लागत नाही.

गोवेकर :
आमच्याकडे मोठे कॅसिनो मांडवीतल्या जहाजांवर. कायद्याने पत्त्यांची टेबलं तिथेच चालतात, हॉटेलांत फक्त मशिन्स. पायाच नको! पण पणजीच्या काठावर गाड्यांची गर्दी आम्ही सोसतो.

सळईवाला :
धागा टॉवरचा आहे. तडे आणि गाड्या वेगळ्या धाग्यात न्या. तळघर खोदलं की शेजारी थोडी हालचाल होतेच, आणि निम्मे तडे खरंच प्लास्टरचे असतात.

ठाणेकर७२ :
"थोडी"? या, घर बघायला या! दार लागत नाही, चौकट तिरकी झालीय. हे म्हणे बावीस वर्षांचे अनुभवी! परदेशातल्या जुगाराच्या तलावाखाली पाचशे जॅक, आणि आमच्या भिंतीवर साधं मोजमाप नाही. तुमच्यासारखे लोक सही करून मोकळे होतात.

रेखाटन :
सळईवाला, इथे तुम्ही चुकताय. चौकट तिरकी झाली म्हणजे प्लास्टर नव्हे. हार्मनचं मी मान्य करते, सरळ म्हणजे सोपं हे माझं वाक्य मागे. बाकी मत कायम, श्रेय साफदींचंच.

मीनल_सिंगापूर :
मोजमाप हाच मुद्दा आहे. खोदाईआधी शेजारच्या इमारतींचे तडे फोटोसकट नोंदवतात, मग खोदताना खचणं मोजत राहतात. त्याशिवाय नंतर भांडायला हातात काही राहत नाही.

सळईवाला :
ठाणेकर, चौकटीचं मी वाचलं नव्हतं. प्लास्टरचा शब्द मागे घेतो. सही करून मोकळा मात्र मी कधी झालो नाही, ते तुम्ही मागे घ्या.

उद्याच हे करा. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने घट्ट, वर तारीख. अशा तीन ठिकाणी. काच तडकली तर हालचाल चालू आहे, त्याच दिवशी फोटो काढून महापालिकेला लेखी द्या. आणि जिन्याखालच्या कॉलमला तडा आहे का ते आधी बघा, तो असेल तर काचेची वाट बघू नका.

ठाणेकर७२ :
कॉलमला आहे. बारीक, तिरका. आत्ताच टॉर्च घेऊन बघून आलो.

सळईवाला :
त्या जिन्याने कुणाला जाऊ देऊ नका. फोटो व्यक्तिगत निरोपात टाका, मी जागा आहे.