कपडे वाळत घालायच्या तारेवर शिंजिराचं घरटं, आणि रंगकाम तोंडावर आलंय. काय करू?

मनवा_पुणे

नमस्कार मंडळी. सहकारनगरला तिसऱ्या मजल्यावर राहते. बाल्कनीतल्या तारेवर शिंजिराच्या (सनबर्ड, फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी) मादीने घरटं बांधलंय. कोळ्याची जाळी, सुकं गवत, सालीचे कपटे आणि वरून चॉकलेटचा सोनेरी कागदसुद्धा चिकटवलाय. लांबून पाहिलं तर जळमटं लोंबतायत असंच वाटतं. तोंडावर इवलीशी पडवी काढलीय. आता ती आत बसून असते, बाहेर फक्त बाकदार चोच दिसते. नर काळा कुळकुळीत, उन्हात आला की निळा-जांभळा झळकतो. तो समोरच्या शेवग्यावरून ओरडत असतो, आत बसलेला कधी दिसला नाही.

सासूबाई ८४ वर्षांच्या. पडल्यापासून फारसं चालवत नाही, म्हणून त्यांची खुर्ची बाल्कनीच्या दाराशीच असते. चहा झाला की पहिली चौकशी, "आली का गं ती?" तांबट, दयाळ, बुलबुल, सगळ्यांच्या यायच्या वेळा त्यांना पाठ आहेत. दिवस त्यावरच जातो त्यांचा.

पुढच्या आठवड्यात सोसायटीचं रंगकाम आमच्या बाजूला येतंय. परांची बांधणार, भिंती घासणार. शेजारचे काका म्हणतात, घरटं काढून कुंडीतल्या झाडाला टांगा. चालेल का? आणि किती दिवस सांभाळावं लागेल? मला ते काहीही करून वाचवायचंय.

कऱ्हाकाठ

मनवाताई, अजिबात हलवू नका. जागा बदलली की मादी बहुतेक वेळा घरटं सोडून देते. तुमच्या वर्णनावरून हा जांभळा शिंजीर. याच्यात अंडी उबवायचं काम एकटी मादी करते, नर पिल्लांना भरवायला येतो. उबवण्याचे साधारण पंधरा-सोळा दिवस आणि पिल्लं उडेपर्यंत आणखी दोनेक आठवडे, म्हणजे महिनाभराचा प्रश्न आहे.

सोसायटीला हेही सांगा की वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच जंगली पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणं येतं. पण आधी गोडीत बोला, कायदा नंतर काढा. माझ्या अनुभवात माणसांना घरटं दाखवलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

सदाफुली

आमच्याकडे बुलबुलाने मनीप्लांटमध्ये घरटं केलं होतं, तेव्हा आम्ही तेवढे दिवस कपडे घरात वाळवले. तुम्हीही त्या तारेला हात लावू नका. दुसरं म्हणजे कुंड्यांवर औषध मारू नका. शिंजीर मध पीत असला तरी पिल्लांना किडे आणि कोळीच भरवतो. कोपऱ्यातली कोळिष्टकंही राहू द्या, बांधकामाचा माल तोच आहे! घरट्यात मोबाइल घालून फोटो मात्र काढू नका. तुमची सारखी ये-जा दिसली की कावळ्याला जागा कळते.

मनवा_पुणे

खूप आभार. चेअरमनकाकांना काल घरी बोलावलं. सासूबाईंनीच त्यांना शेजारी बसवून ती चोच दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, मागच्या बाजूने काम सुरू करू, तुमची बाल्कनी सगळ्यात शेवटी. मुकादमालाही हिरवी जाळी आमच्या मजल्यावर मोकळी सोडायला सांगितलंय. एवढ्यानेच जीव भांड्यात पडला.

आता सासूबाई कालनिर्णयवर रोजच्या नोंदी करतायत. ती कधी बाहेर गेली, किती वेळाने परत आली. याचा पुढे कुणाला उपयोग होतो का?

कऱ्हाकाठ

होतो तर! ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी करायचं अ‍ॅप आणि संकेतस्थळ) खुर्चीत बसून केलेली पंधरा मिनिटांची यादीही चालते. दिसलेले पक्षी, त्यांची संख्या आणि वेळ एवढं त्या सांगतील, तुम्ही मोबाइलवर भरा. कावळे, पारवे, साळुंक्यासुद्धा मोजायला सांगा. नेहमीचे म्हणून लोक त्यांना वगळतात आणि मग ते कमी होत गेले तरी आकड्यांत दिसत नाही. फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट म्हणजे लोकांनी मिळून केलेली पक्षीगणना असते, तीही अशाच घरच्या नोंदींवर चालते.

अजून एक आजींना सांगून ठेवा. विणीचा हंगाम संपला की या नराची झळाळी जाते. मग तो मादीसारखा दिसतो, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ उरते. तेव्हा तो नवा पक्षी म्हणून नोंदवायचा नाही, नर शिंजीरच लिहायचा.