एअर रायफलचा ट्रिगर अडखळतो, घरीच घासून बघू का?

डिचोलीचा_बाप

मुलगी नववीत आहे, दहा मीटर ओपन साइटला (उघड्या माशी-खाचेने नेम धरायचा प्रकार) खेळते. घरी सरावासाठी जुनी ब्रेक-बॅरल (बॅरल बिजागरीवर खाली वाकवून भरायची) एअर रायफल घेतली, 4.5 मिमीची. चवथीनंतर पाऊस उघडला तशी पडवीत छर्रे अडवायची पेटी मांडून दिली. नेम धरते बरोबर, पण ट्रिगर म्हणजे पावसाळ्यात फुगलेलं दार. थोडा येतो, अडतो, परत सरकतो. शेवटी ती वैतागून हिसका देते आणि छर्रा भलतीकडे जातो. मासळीचा तराजूकाटा अडकवून बघितला (छर्रा भरून, तोंड पेटीकडे करूनच), पावणेतीन किलोला सुटला.

एका व्हिडिओत माणूस ड्रिलला फेल्टचं चाक लावून सिअर (ट्रिगर ओढेपर्यंत पिस्टन अडवून धरणारा तुकडा) आरशासारखा चकचकीत करतो. ड्रिल माझ्याकडे आहे. करू का?

फिटरमामा

ड्रिल कपाटात ठेव रे बाबा.

खनिज वाहणाऱ्या बार्जच्या वर्कशॉपात फिटर होतो, 2018 ला मायनिंग परत बंद पडलं तेव्हापासून घरी. तू म्हणतोस तेच मी भाच्याच्या रायफलीवर केलंय, म्हणून सांगतो. चाक लावलं, सिअरमध्ये तोंड दिसेल असा केला. पहिले पन्नास-साठ बार लोणी. मग एक दिवस बॅरल खाली वाकवलेली, छर्रा घालायला बोट नेतोय तोच सिअर सुटला. बॅरल फाटकन वर. डावा हात बॅरलवर घट्ट होता म्हणून बोट वाचलं, लाकूड मात्र मुठीपाशी उभं चिरलं. भाच्याने वर्षभर तोंड दाखवलं नाही.

झालं काय, ते ऐक. असल्या साध्या रायफलीत मेनस्प्रिंगचा, म्हणजे पिस्टन ढकलणाऱ्या मोठ्या स्प्रिंगचा, सगळा जोर सिअरच्या नाकावर येतो. पिस्टनच्या खाचेत ते नाक अडकलेलं असतं आणि ट्रिगर ओढला की घासत घासत बाहेर येतं. बहुतेक सिअर आतून मऊ पोलाद, वरून फक्त कातडी कडक केलेली. ही कातडी मिलिमीटरच्या दशांशात मोजायची. चाकाने ती गेली, शिवाय कडा गोल झाल्या, म्हणजे धरायला उरलं काय? आणि कोन थोडा जरी चुकीच्या बाजूला कलला तर मेनस्प्रिंग आपणच सिअरला बाहेर ढकलू शकते. चकाकी हा पुरावा नव्हे. दोन्ही तोंडं सपाट आणि एकमेकांवर पुरती बसलेली हवीत, बस्स.

तुझं दुखणं मला घासकामाचं वाटतच नाही. जुनी रायफल, गोव्यातला पावसाळा. कारखान्यातलं ग्रीस मेणासारखं झालं असणार, पिनांवर तांबेरा असणार. आधी बॅरल मिटलेली, छर्रा नाही, रायफल कॉक केलेली (स्प्रिंग दाबून सिअरवर अडकवलेली) नाही हे दोनदा बघ. लाकूड काढ. जुना टूथब्रश रॉकेलात बुडवून, झटकून, ट्रिगरच्या पिना आणि सिअर साफ कर. रॉकेल ओतू नकोस. सिलेंडरमध्ये पिस्टनच्या पुढे गेलं तर दाबाने पेटतं, मोठा आवाज, धूर, आणि सील फाटतं. सुकल्यावर सिअरच्या नाकाला मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस, काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं. पिनांना सुईच्या टोकाने एक थेंब तेल. मग सांग.

नेमबाज_म्हापसा

मामांना अनुमोदन. शिवाय वजनाच्या मागे लागू नका. दहा मीटर एअर पिस्तुलाला निदान 500 ग्रॅमचा ट्रिगर लागतो, एअर रायफलला आंतरराष्ट्रीय नियमात तशी अट नाही, म्हणून आमच्याकडे पोरं लगेच केसावर सुटणारा ट्रिगर मागतात. रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तो हलक्या ट्रिगरने सापडत नाही, दर वेळी त्याच जागी सुटणाऱ्या ट्रिगरने सापडतो. नववीतल्या मुलीला दीड किलो चालेल, अडखळणं चालणार नाही.

डिचोलीचा_बाप

साफ केलं. ग्रीस नव्हतंच ते, तपकिरी डांबर. काटा आता दोन किलो शंभर दाखवतो. पण शेवटी एक बारीक दाणा अजून लागतो, डोळे मिटून ओढलं की कळतो.

फिटरमामा

तो दाणा म्हणजे यंत्राच्या कटरची रेघ किंवा बर (काठावर राहिलेला धातूचा कंगोरा). आता हात लावायला हरकत नाही, पण एक अट. मेनस्प्रिंग सुट्या अवस्थेतही दाबलेलीच असते. पिन काढलीस की मागचा तुकडा कपाळाकडे येतो. सुताराचा लांब शिकंजा असेल तरच खोल, नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा.

सिअर हातात आला की नाकाला मार्करची काळी शाई लाव. कुठे घासतं ते बघायला आम्ही बेअरिंगला ब्ल्यू, म्हणजे निळा रंग, मारायचो, तसंच. परत जोडून एकदाच कॉक कर, छर्रा भरून पेटीत सोड (रिकामी कधीच सोडू नकोस, पिस्टन हवेच्या गादीशिवाय आपटतो), मग खोल. शाई जिथे पुसली तेवढीच जागा घासते. कटाळा आला तरी हे कर, नाहीतर आंधळेपणाने नको तिथे घासशील.

काचेच्या तुकड्यावर हजार नंबरचा वॉटर पेपर, पाणी लावून. नाक सपाट टेकव आणि सरकतं त्याच दिशेने चार-पाच हात. आडवं नाही, गोल तर मुळीच नाही. परत शाई. बर बोटाला लागेनासा झाला की दोन हजार नंबर, आणि थांब. रेघा थोड्या दिसल्या तर दिसू देत. खाचेला हात लावू नकोस.

जोडल्यावर कॉक करून, बॅरल धरूनच, कुंद्याला रबरी हातोडीने सगळीकडून टकटक कर. पेटीकडे तोंड. एकदा जरी सुटली तर नवा सिअर घाल, रडत बसू नकोस. आणि पोरीला एकच शिकव, छर्रा घालताना दुसरा हात बॅरलवरून उचलायचा नाही.

कुळागरवाला

मामा, आमच्या घरी आजोबांची बारा बोअर आहे, लायसनची. तिचा घोडाही असाच जड आहे. हीच रीत चालेल?

फिटरमामा

नाही. एअर रायफल वेगळी. बंदुकीची दुरुस्ती 1959 च्या शस्त्र कायद्याने परवानाधारक कारागिराचं काम आहे. लायसन घेऊन त्याच्याकडे जा. मी असल्या बंदुकीच्या स्क्रूलाही हात लावत नाही.

डिचोलीचा_बाप

शिकंजा शेजारच्या सुताराकडे मिळाला. सात हात मारले, पाच नव्हे, खरं सांगतो. काटा एक किलो आठशे. दाणा गेला. हातोडीने ठोकून पाहिलं, सुटली नाही. काल संध्याकाळी तिने दहा छर्रे मारले, त्यातले सात एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात. देव बरें करूं, मामा. पडवीतला दिवा मात्र फुटला, तो ट्रिगरमुळे नाही, माझ्यामुळे.