मदत हवी आहे: काउंटीची नेमबाजीबंदी टिकते का?

नमस्कार मंडळी. वॉशिंग्टन राज्यात (सिॲटलकडचं, राजधानी नव्हे) गावाबाहेर जमीन घेतोय. नवऱ्याला तिथे नेमबाजीचा सराव करायचाय. काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन) म्हणते, हा भाग 'नो शूटिंग' क्षेत्रात येतो. शेजारी ठाम, की बंदुकांचे नियम फक्त राज्यच करू शकतं. राज्याच्या कायद्याचं कलम ९.४१.२९० त्याच्या बाजूने आहे खरं, पण ९.४१.३०० नुसार माणसं, पाळीव जनावरं किंवा मालमत्तेला धोका संभवतो तिथे गोळी झाडण्यावर काउंटी निर्बंध घालू शकते. मग लक्ष्यामागे मातीचा उंच बांध घातला तर 'धोका नाही' म्हणता येईल, की क्षेत्र जाहीर झालं म्हणजे विषय संपला? कुणी सूट मागितली आहे का? वकिलाला नेमकं काय विचारू? 'शूटिंग रेंजवर जा' हा सल्ला सासूबाई रोज देतातच.